पंधरवड्याआधीचा माल

गौरी आणायच्या दिवशी मी चांदोदला होतो, हे मला घरी अजून ऐकवलं जातं. तारीख 21 सप्टेंबर 2023. त्याआधीच्या रविवारी, 17 तारखेला, सरदार सरोवरातून 18 लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, नर्मदाकाठ बुडाला आणि बडोद्यातल्या आम्हा विमा सर्व्हेअरांचे, म्हणजे नुकसान मोजणाऱ्यांचे, फोन वाजायला लागले. माझ्या वाट्याला त्या आठवड्यात सहा क्लेम आले. पाच विसरलो.

नर्मदाकाठचं हे तीर्थ, चांदोद, बडोदेकर मराठ्यांना नवं नाही. आमच्याकडे कोणी गेलं की अस्थी तिथेच. आजीच्या अस्थी घेऊन वडिलांबरोबर गेलो तेव्हा डभोईहून छोटी रेल्वे होती, अडीच फुटी रुळांची. सावकाश, हलत-डुलत जायची. आता तिथे मोठी लाइन झाली आणि 2021 पासून ती पुढे केवडियापर्यंत गेली. गाव मात्र तेवढंच. बाजाराची एक गल्ली, दोन्ही बाजूंना धर्मशाळा, आणि गल्ली संपते तिथे मल्हारराव घाटाच्या पायऱ्या. छोटा उदेपूरकडून संखेड्यावरून येणारी ओरसंग इथे नर्मदेला मिळते. तिसरी सरस्वती गुप्त, म्हणून त्रिवेणी. ओरसंगच्या मुखापलीकडे कर्नाळी, कुबेर भंडारीचं देऊळ तिथलं. दयानंद सरस्वतींनी संन्यासदीक्षा घेतली ती या चांदोदलाच, आणि बडोद्यात नोकरीला असताना अरविंद घोष इथल्या गंगनाथ मठात येत. एवढ्याशा गावाच्या मानाने खूपच झालं.

दुकान पूजेच्या सामानाचं. मालक सत्तरीचे, मूळचे कोकणातले, घराण्यात पौरोहित्य. मराठी आमच्यासारखीच, निम्मी गुजराती.

"या साहेब, बसा ने," म्हणाले आणि मग स्वतःच हसले. बसायला काही उरलंच नव्हतं.

मी टेप काढली. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर. जमिनीवरचा गाळ बोटावर घेतला तर लोण्यासारखा मऊ, वाळूचा कणही लागेना. सकाळी घाटाकडच्या दुसऱ्या एका क्लेममध्ये पायाखाली खरखर वाळू होती. वाळू वाहत्या पाण्याची, गाळ थांबलेल्या पाण्याचा. नर्मदा फुगली की ओरसंगला मुखाशी वाट मिळत नाही, ती मागे सरते, आणि चांदोदला पाणी दोन्ही अंगांनी चढतं. म्हणजे या दुकानातून माल वाहून गेला नव्हता, आतच भिजत पडला होता. माझ्या दृष्टीने ही चांगली बातमी. मोजता येणार होतं.

मोजलं. तांब्याचे गडवे, पंचपात्र्या, पळ्या, ताम्हनं, सगळ्यांत तोंडापर्यंत चिखल. तांबं धुऊन निघतं, तेव्हा ते सॅल्व्हेजमध्ये, म्हणजे वाचलेल्या मालात. पण काळे तीळ फुगून आंबले होते. पोत्याचं तोंड सोडलं तेव्हा जो वास आला तो गाडीच्या सीटला आठवडाभर होता. पांढऱ्या पंच्यांचे गठ्ठे पिवळट-तपकिरी, पिळले तर चहासारखं पाणी. दर्भ, जव, सुती कापड, सगळं टोटल लॉस. पोती मोजून, गठ्ठे उलटून, फोटो काढून दुपार झाली. आकडा मोठा आला.

तिथेच गाडं अडलं. संध्याकाळी कंपनीतल्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "एवढ्याशा गावात एवढा स्टॉक? बँकेला दिलेलं गेल्या सप्टेंबरचं स्टॉक स्टेटमेंट बघा. याच्या तिसऱ्या हिश्श्याचा माल आहे. फुगवलंय."

कागदावर त्यांचं बरोबर होतं. कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जासाठी, बँकेला महिनाअखेरचा स्टॉक द्यावा लागतो, आणि 30 सप्टेंबर 2022 चा आकडा खरंच किरकोळ होता. मी दुकानाच्या मालकांना, काकांना, विचारलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी माझ्याकडे नापास झालेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं.

"साहेब, यंदा अधिक श्रावण होता ना?"

डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. चांदोदचा धंदा इंग्रजी महिन्यावर चालत नाही. 2022 साली पितृपक्ष 25 सप्टेंबरला सर्वपित्रीला संपला, म्हणजे महिनाअखेरीला दुकान रिकामं असणारच. यंदा अधिक मासामुळे सगळं पुढे सरकलेलं. पौर्णिमा 29 सप्टेंबरला, सर्वपित्री 14 ऑक्टोबरला. पूर आला तो पंधरवड्याच्या ऐन तोंडावर, वर्षाचा माल भरून झाला असताना. बडोद्याला मांडवीतल्या भांडीवाल्याकडून काकांच्या खात्याचा तीन वर्षांचा उतारा आणला. दर वर्षी खरेदीचा उंचवटा पौर्णिमेच्या आधीच्या तीन आठवड्यांत, आणि तारीख दर वर्षी वेगळी. रिपोर्टला जोडपत्र म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं जोडली, चतुर्थीपासून अमावास्येपर्यंत. माझ्या नोकरीत असं जोडपत्र एकदाच.

निघताना काकांनी वर बोट दाखवलं. तुळईला लागून एक फळी, तिच्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या. यजमानांच्या. कोण कुठून आलं, कुणासाठी आलं, गोत्र काय. फळीच्या खाली भिंतीत डांबराची जुनी रेघ, 1970 च्या पुराची. त्यांच्या वडिलांनी ओढलेली. यंदाचं पाणी त्या रेघेच्या चार बोटं खाली थांबलं होतं.

"वह्या वर ठेवल्या, मग माल का नाही?" मी विचारलं.

"धरण झालं ना वर. आता काय येतंय, म्हटलं."

मग त्यांनी विचारलं, पुढच्या पॉलिसीत या वह्या घेता येतील का. मी खरं ते सांगितलं. हस्तलिखितं, कागदपत्रं, हिशोबाच्या वह्या आमच्या पॉलिसीत बसत नाहीत. वेगळ्या जाहीर कराव्या लागतात, आणि किंमत लिहावी लागते.

"किंमत किती लिहू?"

मी टेप गुंडाळली. क्लेम दोन-अडीच महिन्यांनी पास झाला, तिळाच्या दरात थोडी कात्री लावून. पॉलिसीचं नूतनीकरण आलं तेव्हा त्यांनी मला प्रपोजल फॉर्म दाखवायला फोन केला. वह्यांच्या ओळीपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. माल मात्र आता माळ्यावर चढतो, म्हणाले, आणि तांब्याची पोती वर न्यायला माणूस मिळत नाही.