तुम्ही विचारलंत म्हणून: हत्ती झुलतो तो खुशीत असतो का?

हा प्रश्न मला वडिलांनी विचारलाय, शाळेतल्या मैत्रिणींनी विचारलाय, आणि कठड्याशी लेकराला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनी तर कितीदा. मी अमेरिकेतल्या एका प्राणिसंग्रहालयात आफ्रिकन हत्तींच्या वागण्याच्या नोंदी करते, जास्त करून रात्रीच्या. हत्तीखान्यातल्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघायचे आणि दर मिनिटाला कोण काय करतंय ते लिहायचं, असं कामाचं स्वरूप आहे. ते ऐकलं की लोक हमखास विचारतात, "मग हत्ती असा डुलत उभा असतो, तेव्हा तो मजेत असतो ना?"

नाही. बहुतेक वेळा नाही.

असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि ते मला समजतं. आपल्या भाषेनंच आपल्याला उलटं शिकवलंय. एखाद्या घराण्याचं वैभव सांगायचं तर आपण म्हणतो, त्यांच्या दारी हत्ती झुलायचे. लहानपणी सांगलीत सर्कस यायची, तेव्हा तंबूच्या मागच्या बाजूला हत्ती ओळीनं बांधलेले असत. एकेका पायात साखळी, आणि सगळे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आम्हाला वाटायचं, बँडच्या तालावर डोलताहेत. बँड थांबला तरी ते थांबत नव्हते, हे मी तेव्हाही पाहिलं होतं. त्याचा अर्थ लागायला मात्र वीस वर्षं जावी लागली.

आमच्याकडे वर्तनांची एक यादी असते आणि प्रत्येक वर्तनाची व्याख्या ठरलेली असते. कानात दर मिनिटाला एक टिकटिक होते. त्या क्षणी हत्ती जे करत असेल तेच लिहायचं, आधीचं नाही, नंतरचं नाही. मनाला येईल तेव्हा बघून लिहिलं तर नजर नेमकी भांडणावर, खेळावर, चित्काराकडे जाते आणि तासन्‌तासांचं गप्प उभं राहणं निसटून जातं. ही शिस्त जीन ऑल्टमन यांच्या १९७४ सालच्या एका निबंधानं प्राणिवर्तनाच्या अभ्यासाला लावली. त्या केनियातल्या अंबोसेलीत बबून माकडांचा अभ्यास करत. त्याच अंबोसेलीत सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये हत्तींच्या नोंदी सुरू केल्या. तिथली शेकडो हत्तींची कुटुंबं, आजीपासून पणतीपर्यंत, एकेक कान आणि सुळा ओळखून नोंदलेली आहेत. पिंजऱ्यातला हत्ती समजून घ्यायचा तर आधी मोकळा हत्ती कसा असतो ते ठाऊक हवं, आणि ते आम्हाला मुख्यतः तिथून कळतं.

एकाच जागी पाय रोवून तासन्‌तास तसंच झुलत राहणं मोकळ्या हत्तींत दिसत नाही. एक मात्र खरं, की पुढं जावं की नको अशा पेचात रानातला हत्तीही पुढचा एक पाय उचलून हलवत राहतो. म्हणून नवीन माणूस नोंदींना बसला की आधी हा फरक शिकवावा लागतो. विचारात पडलेला हत्ती पाय हलवतो, मग निर्णय घेतो आणि निघतो. झुलणाऱ्याचा निर्णय होत नाही, कारण जायला जागाच नसते. शास्त्रात याला साचेबद्ध वर्तन म्हणतात: तीच हालचाल, त्याच चालीत, वरवर काही हेतू नसलेली. कुणी झुलतं, कुणी मान वरखाली करत राहतं, कुणी त्याच आठ-दहा पावलांची वाट तुडवत बसतं.

उत्तर अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांमधला एक मोठा संयुक्त अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकन आणि आशियाई, दोन्ही जातींचे हत्ती त्यात होते. वर्तनाच्या भागात ८९ हत्तींचं निरीक्षण झालं आणि त्यांतले ८५ टक्के हत्ती असं काही ना काही करताना आढळले. खाण्याखालोखाल हत्तींचा सर्वांत जास्त वेळ यातच जात होता: दिवसाच्या नोंदींत १५.५ टक्के, रात्रीच्या नोंदींत २४.८ टक्के. म्हणजे रात्रीची जवळजवळ प्रत्येक चौथी नोंद. लोक दिवसा बघायला येतात. मी रात्री बघते, म्हणून मला हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त जवळून कळतो.

त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, आणि हे काम मी का करते याचं कारणही तीच आहे. कोणता हत्ती जास्त झुलतो याचा शोध घेतल्यावर कळलं, की जो जास्त वेळ इतरांपासून वेगळा ठेवलेला असतो तो जास्त झुलतो. ज्याला आयुष्यात एका प्राणिसंग्रहालयातून दुसऱ्यात जास्त वेळा हलवलंय, त्याचंही तसंच. आणि ज्याच्या भोवती लहान पिल्लं वावरतात, तो कमी झुलतो. आवार किती एकर आहे, हेच आपण आधी विचारतो. हत्तीच्या लेखी, सोबत कोण आहे हा प्रश्न निदान तितकाच मोठा आहे.

म्हणून मला दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातल्या शंकरबद्दल सांगायचंय. शंकर हा आफ्रिकन नर. नव्वदच्या दशकात झिम्बाब्वेनं राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांना हत्तींची जोडी भेट दिली, त्यांतला तो. जोडीदारीण काही वर्षांतच गेली. दिल्लीतल्या आशियाई हत्तींबरोबर त्याला ठेवून पाहिलं, ते जमलं नाही, आणि पुढं कितीतरी वर्षं तो एकटा राहिला. हत्तींना सहा महिन्यांहून जास्त एकटं ठेवू नये असा सरकारी नियम २००९ पासून होता. त्याला हलवावं म्हणून उच्च न्यायालयात याचिका झाली, ती फेटाळली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेनं त्याच्यापायी दिल्लीचं सदस्यत्व स्थगित केलं. १७ सप्टेंबर २०२५ ला तो गेला. वय २९. अंबोसेलीत या वयाचा नर नुकता कुठं माद्यांच्या कळपांमागं फिरायला लागलेला असतो, भर उमेदीचा काळ त्याच्यापुढं असतो.

"पण नर हत्ती एकटाच राहतो ना रानात?" हा पुढचा प्रश्न. वयात आल्यावर तो आईचा कळप सोडतो, हे खरं. पण तो दुसऱ्या नरांकडं जातो आणि थोरल्यांच्या हाताखाली वाढतो. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्गमध्ये याचा धडा महागात मिळाला. क्रुगर उद्यानात संख्या कमी करण्यासाठी मोठे हत्ती मारले, आणि त्यांची पोरकी पिल्लं तिकडं नेऊन सोडली. थोरलं कुणी नाही. ती पोरं वेळेआधीच माजावर, म्हणजे मद चढून नर आक्रमक होतो त्या अवस्थेत, येऊ लागली आणि नव्वदच्या दशकात त्यांनी चाळीसहून जास्त गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रुगरमधून सहा प्रौढ नर आणून सोडले, तेव्हा पोरांचा माज उतरला आणि गेंडे मरायचे थांबले. घरात वडीलधारं माणूस लागतं असं आपल्याकडं म्हणतात, ते तिथं शब्दशः खरं ठरलं.

आणि कॅलिमेरो. त्याच्याबद्दल वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. हाही आफ्रिकन नर, आणि रोमच्या प्राणिसंग्रहालयात दोन आशियाई हत्तिणींबरोबर अठरा वर्षं राहिलेला. आशियाई हत्ती चिवचिवल्यासारखा एक बारीक आवाज काढतात. आफ्रिकन हत्ती सहसा तो काढत नाहीत. कॅलिमेरो तो शिकला, इतका की दुसरं फारसं काही बोलेनासा झाला. हत्तींच्या अभ्यासक जॉयस पूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे प्रसिद्ध केलं, ते हत्ती ऐकलेला आवाज शिकू शकतात याचा पुरावा म्हणून. मला त्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. आपल्या जातीचं कुणी नाही, तर जे सोबत आहेत त्यांची बोली तरी आपली करून घ्यावी, एवढी त्याला सोबतीची गरज होती.

आयुष्याचा हिशेबही लोक विचारतात. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांमधल्या हत्तिणींच्या ४५ वर्षांच्या नोंदी २००८ मध्ये तपासल्या गेल्या. तिथं जन्मलेल्या आफ्रिकन हत्तिणींचं मध्यक आयुष्य, म्हणजे ज्या वयापर्यंत निम्म्या गेलेल्या असतात ते, १६.९ वर्षं निघालं. अंबोसेलीत नैसर्गिक मरण येणाऱ्या हत्तिणींचं ५६. त्यानंतर पुष्कळ ठिकाणी सुधारणा झाल्या आहेत, पण तो आकडा माझ्या टेबलासमोर चिकटवलेला आहे.

सुधारणा म्हणजे काय, ते मी रात्री बघते. हत्ती आडवा होतो की नाही, ही माझ्या लेखी मोठी खूण. बोत्स्वानाच्या चोबेमध्ये दोन म्होरक्या हत्तिणींच्या सोंडेत छोटी यंत्रं बसवून त्यांची झोप मोजली, तर ती दिवसाला सरासरी दोन तासच भरली, तीही तुकड्यातुकड्यांनी, आणि बहुतेक उभ्यानं. आडव्या त्या तीन-चार दिवसांतून एकदा व्हायच्या. कधी तर सलग ४६ तास त्या झोपल्याच नाहीत. हत्तीला आडवं होणं सोपं नसतं. काही टनांचं अंग जमिनीवर टाकायचं आणि पुन्हा उचलायचं. सांधे दुखत असतील, खाली काँक्रीट असेल, शेजारच्या हत्तीचा भरवसा नसेल, तर तो उभ्यानंच रात्र काढतो. कठीण जमिनीवर जास्त काळ उभं राहिलेल्या हत्तींचे पाय आणि सांधे जास्त बिघडतात, हेही २०१६ च्या अभ्यासात दिसलं.

आमच्या इथं एक म्हातारी हत्तीण आहे. मी आले तेव्हा तिच्या नोंदींत रात्रभर 'उभी', 'झुलतेय', 'उभी', 'खातेय', 'झुलतेय' एवढंच असायचं. मग हत्तीखान्यात वाळू भरली, गुडघाभर, आणि भिंतीशी तिरपा ढीग केला. असा ढीग असला की हत्तीला पूर्ण खाली न जाता अंग टेकवता येतं. गवताच्या पेंढ्या उंच टांगल्या, त्याही रोज वेगळ्या वेळी, कारण खाण्याची वेळ ठाऊक नसली की हत्ती जास्त चालतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रात्रीचं मधलं दार उघडं ठेवलं, म्हणजे तिला हवं तेव्हा दुसऱ्या हत्तिणीकडं जाता येईल. पहिले नऊ दिवस काही नाही. दहाव्या रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी तिनं ढिगाला डावी कूस टेकवली. स्क्रीनवर मी 'आडवी' लिहिलं, पुढच्या टिकटिकीला पुन्हा 'आडवी', आणि तसं छप्पन्न वेळा लिहिलं. सकाळी हत्तींची निगा राखणाऱ्या किपरला सांगायला गेले तर त्या बाईंनी तिच्या अंगावरचा वाळूचा पट्टा आधीच पाहिला होता. दोघींनाही काही बोलता येईना.

आता ती रात्री पूर्वीच्या निम्म्यानं झुलते. निम्म्यानं, हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना "बरी झाली का?" याचं उत्तर 'हो' हवं असतं. जुनी सवय परिस्थिती बदलली तरी पुष्कळदा राहते, जखम भरल्यावर व्रण राहावा तशी. त्यामुळे एखादा हत्ती झुलताना दिसला तर तो आजच दुःखात आहे, असं त्यावरून ठरवता येत नाही. त्याच्या आयुष्यात कधीतरी काहीतरी कमी पडलं होतं, हे मात्र कळतं. तेव्हा कठड्याशी उभं असताना काही विचारायचंच असेल, तर किपरला विचारा: हा रात्री कुणाबरोबर असतो? पायाखाली काय आहे? आडवा होतो का?

वडील गेल्या वर्षी आले होते. दिवसा तिला बराच वेळ बघत उभे राहिले, आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला होता. आता दर रविवारी फोनवर ते तिच्या झोपेचा हिशेब घेतात. मी मिनिटं सांगते. पहाटे पाचला बाहेरचं दार उघडतं, त्याआधीची वीस मिनिटं ती अजूनही झुलते, हेही सांगते.