लुनाचा नंबर आणि कात्रजचा नळ

माझ्या साइटवर पुण्यातल्या जुन्या हौदांच्या नोंदी आहेत. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद... २०११ पासून सवडीने लिहितेय. वाचणारे मोजून पन्नास, त्यातले निम्मे नातेवाईक. त्यामुळे ब्राउझर पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ दाखवायला लागला तेव्हा मी म्हटलं, दाखव बापडा. हौदांच्या नोंदींत चोरण्यासारखं आहे काय?

मग एका रविवारी भाचा पोहे खायला आला. “मावशी, लॉगिन कर बघू.” त्याने माझ्याच लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून काय येतं-जातं ते दाखवणारं सॉफ्टवेअर, लावलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटची, म्हणजे माहितीच्या तुकड्यांची, यादी भराभर वर सरकत होती. मी लॉगिन केलं, त्याने यादी थांबवून एका ओळीवर क्लिक केलं. खाली ‘लॉग’ म्हणून माझं नाव, त्याला लागून ‘पीडब्ल्यूडी’ म्हणून माझा पासवर्ड. म्हणजे माझ्या पहिल्या लुनाचा नंबर, जसाच्या तसा.

“वाचनालयाच्या वायफायवरून लिहितेस ना?”

लिहिते. पंख्याखालची जागा मिळावी म्हणून दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहते.

मला वाटलं, लॉगिनचं पान तेवढं झाकलं की झालं. पण मी बँकेत होते, तेव्हा पितळी टोकन असायची. चेक एकदाच तपासायचा, पुढे टोकन ज्याच्या हातात त्याला पैसे. माझी साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसने लॉगिननंतर ब्राउझरकडे ठेवायला दिलेली खूण, म्हणजे कुकी, हे तेच टोकन; अ‍ॅडमिनच्या प्रत्येक पानाला ती पुन्हा दाखवली जाते. २०१० मध्ये आलेलं फायरशीप हे ब्राउझरला जोडायचं सॉफ्टवेअर उघड्या वायफायवरून लोकांच्या अशाच कुकी उचलायचं, पासवर्डला हातही न लावता.

म्हणून डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘फोर्स एसएसएल अ‍ॅडमिन’ला ‘ट्रू’ करायची एक ओळ घातली, म्हणजे लॉगिन आणि अ‍ॅडमिनची पानं एचटीटीपीएस या कुलूपबंद जोडणीनेच उघडायची सक्ती. काही झालं नाही. मी ती फाइलच्या अगदी शेवटी चिकटवली होती, आणि ‘स्टॉप एडिटिंग’ या सूचनेच्या ओळीखाली लिहिलेलं वाचलं जाईपर्यंत उशीर झालेला असतो. वर नेली, आणि साइटने लॉगिनलाच फिरवायला सुरुवात केली. ‘टू मेनी रीडायरेक्ट्स.’ ऐन रात्री पावणेबाराला. भाच्याला फोन केला, तो जागाच होता, यांचं काय!

भानगड अशी, की साइटच्या पुढे मी एक फुकटचा प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधला मध्यस्थ, बसवून ठेवला होता. ब्राउझर ते प्रॉक्सी एचटीटीपीएस, पण प्रॉक्सी ते सर्व्हर साधं, उघडं एचटीटीपी. वर्डप्रेसला वाटे, बाई असुरक्षित दाराने आल्यात, पाठवा परत. प्रॉक्सी पुन्हा त्याच दाराने आणून सोडी. ब्राउझर कुठल्या दाराने आला ते सांगणारी, प्रॉक्सीने पाठवलेली ‘एक्स फॉरवर्डेड प्रोटो’ ही चिठ्ठी वाचायची चार ओळींची मलमपट्टी केली, आणि फिरणं थांबलं.

मी झोपायला निघाले तर भाचा म्हणतो, “मधला टप्पा अजून उघडाच आहे.”

हे मला कुणी सांगायला नको होतं. कात्रजच्या तलावाचं पाणी पेशव्यांनी जमिनीखालच्या बंद नळातून शहरात आणलं, ते हौदात पडलं की उघडं. नळ कितीही पक्का असो, मध्येच एक हौद आला तर तिथे कुणीही घागर बुडवणार. माझा प्रॉक्सी म्हणजे तो मधला हौद, आणि तिथून पुढे तर नुसता पाट!

दुसऱ्या दिवशी होस्टिंगच्या पॅनलमधून खुद्द सर्व्हरवर एचटीटीपीएससाठी लागणारं, लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं प्रमाणपत्र घेतलं. फुकट आहे. ९० दिवसांचं असतं, नूतनीकरण आपोआप होतं. प्रॉक्सीला सांगितलं, सर्व्हरशीही एचटीटीपीएसनेच बोल आणि प्रमाणपत्र तपासून घे. मलमपट्टी काढून टाकली, तरी साइट फिरली नाही. मग पासवर्ड बदलला आणि कॉन्फिगमधल्या सॉल्ट-की, म्हणजे ज्यांवरून कुकी खरी की खोटी ते ठरतं त्या गुप्त अक्षरमाळा, नव्या घातल्या, म्हणजे जुनी टोकनं सगळी बाद.

आता जुन्या लेखांतले फोटो अजून एचटीटीपीच्या पत्त्यांवर अडकलेत, ते एकेक करून बदलतेय. काल रात्री बदामी हौद झाला.