खाटेएवढं रान

सागाचं पान गळत नाही, पडतं. चिंचेची, आवळ्याची पानं गळतात. हे मात्र फांद्याफांद्यांवर आपटत, जुन्या सुपासारखं हेलकावत खाली येतं आणि पाचोळ्यावर असं खर्रकन आदळतं, की कोणी मागून चालत आलं असं वाटावं. फेब्रुवारीच्या शेवटी, दुपारी दोनच्या सुमाराला, काकाजींच्या गावामागच्या टेकडीवर मी अशी तीनदा दचकून वळले. तिसऱ्यांदा वळले तेव्हा तो धावडा दिसला.

निम्मी पानं गेलेली. उरलेल्यांचा रंग चिंचेनं नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या गुंडाचा. मागे ऐनाचं खोड, मगरीच्या पाठीसारखं चौकोनी भेगाळलेलं. मधे सागाची दोन पानं लटकत होती, त्यातलं एक अळीनं खाऊन नुसत्या शिरांची जाळी उरलेलं. धावड्याचं लाल त्या जाळीतून गाळून येत होतं. बस, एवढंच. एका खाटेवर मावेल एवढं रान.

मला फोटोत एवढंच लागतं. आकाश नको, डोंगराची रेघ नको, वळत जाणारी पायवाट तर मुळीच नको. या दिवसांत फोन उघडला की पळस, निळ्या आभाळावर केशरी पळस. पळसावर माझा राग नाही, त्याच्या पत्रावळींवर जेवूनच मी मोठी झाले. पण त्याचा फोटो काढायची आता कोणाला गरज उरली आहे असं मला वाटत नाही. तिकडे साकोलीच्या पुढे नागझिरा, वाघांचं अभयारण्य. त्यामुळे या भागात गळ्यात कॅमेरा असलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारतात. त्या दिवशीही मोहाखालचा पाला झाडून काढणाऱ्या एका बाईनं खराटा थांबवून विचारलं, "काऊन वो बाई, वाघ हाय का तिकडं?"

"नाही, पानांचे फोटो काढते."

"पानाचे?" तिनं पायाखालच्या ढिगाऱ्याकडे पाहिलं. "मंग हे घेऊन जा ना सप्पा."

पंधरा-वीस दिवसांत मोहफुलं पडायला लागतील. ती वेचायची तर खालची जमीन अंगणासारखी स्वच्छ पाहिजे. तिच्या दृष्टीनं मी कचऱ्याचे फोटो काढत होते, आणि ते खोटंही नव्हतं.

लहानपणी रंगीत जंगल म्हणजे न्हाव्याच्या दुकानातलं पोस्टर. भिंतभर पिवळं-लाल रान, मधे तळं, तळ्यात तेच रान उलटं. खालच्या कोपऱ्यावर पाण्याचा ओघळ येऊन तळं खरंच ओलं झालेलं. भाऊ खुर्चीतल्या पाटावर बसून मान वाकवायचा आणि मी बाकावर बसून त्या रानात फिरून यायचे. तसं जंगल परदेशातच असतं याची मला खात्री होती. दुकानापासून अर्ध्या कोसावर दर शिशिरात टेकडी पेटल्यासारखी दिसायची, ते जंगल नव्हतं. ते सरपणाचं ठिकाण होतं.

असल्या फोटोंना इंग्रजीत 'इंटिमेट लँडस्केप' असं जे नाव आहे त्याचं मराठी करायला गेलं तर 'जिव्हाळ्याचं निसर्गचित्र' असं काहीतरी होतं, लग्नपत्रिकेतल्या मजकुरासारखं. इलियट पोर्टर नावाचा, शिक्षणानं डॉक्टर असलेला अमेरिकन माणूस असेच फोटो काढायचा. चार खोडं, दगडावरचं शेवाळ, पाण्यावर तरंगणारी पानं. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं त्याचं प्रदर्शन भरवलं. एकट्या माणसाच्या रंगीत फोटोंचं ते तिथलं पहिलंच प्रदर्शन. तोवर कलेचा फोटो म्हणजे काळापांढरा, रंग जाहिरातीला, असाच पुष्कळांचा समज. त्याच्याकडे मेपल आणि बर्च होते. माझ्याकडे धावडा आहे, ज्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात जातो. मला माझं झाड जास्त उपयोगी वाटतं.

तिकडे दिवस लहान होतात, थंडी पडते, म्हणून पानं रंगतात. आपल्याकडे झाड पाण्याचा हिशेब करतं आणि पानांना निरोप देतं. हिरवा उतरला की आत आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो. लाल मात्र झाडाला नव्यानं बनवावा लागतो. जाणाऱ्या पानासाठी एवढा खर्च का, हे मला कधी पटलेलं नाही. उलट आपलं कुसुमाचं झाड बघा. मार्चमध्ये पालवी फुटते ती रक्तासारखी लाल, मग हळूहळू हिरवी होते. पिंपळाचं तसंच, मोहाचंही थोडंफार तसंच. म्हणजे आपल्याकडे लाल हा जन्माचा रंग, असं काहीतरी मला त्या धावड्यापाशी सुचलं होतं आणि फार मोठं वाटलं होतं. पुढचं नीट आठवत नाही, कारण तेवढ्यात सागाची आठवण मधे आली.

सागाची कोवळी पानं तळहातावर चोळली की हात लाल होतो, हे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळतं. विदर्भात शाळा उघडायची २६ जूनला, आणि नेमकी तेव्हाच सागाला नवी पानं आलेली असायची. दुसरीत असताना मी शाळेच्या वाटेवर गुडघ्याला ती पानं चोळली, वरून जरा माती लावली आणि लंगडत घरी परतले. आजीनं पाहिलं. काही बोलली नाही. पदराचं टोक ओलं करून गुडघा पुसायला लागली. रंग जाईना. तो जात नसतोच पटकन. मग तिनं पदर खाली ठेवला आणि म्हणाली, "लय लागलं वो माय. आता आठ दिवस खेळाले जाता येनार नाई." आठ दिवस मी ओसरीवर बसून इतरांचा लंगडीचा डाव पाहिला.

तर धावडा. अशा फोटोला ऊन शत्रू. दुपारच्या उन्हात प्रत्येक पानावर पांढरी चकाकी बसते आणि रंग धुऊन निघाल्यासारखे होतात. पोलरायझर फिल्टर लेन्सवर फिरवला की ती चकाकी बरीच जाते, सगळी नाही. लांबच्या लेन्सनं मागचं-पुढचं रान एकमेकांना चिकटवता येतं. पण खरी मदत आभाळाची. ढग असले की उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या मऊ होतात आणि लाल खोल दिसतं. त्या दिवशी सकाळपासून असंच भरून आलेलं होतं. वारा नव्हता. जाळीचं पान हलत नव्हतं. मी तिपाईवर कॅमेरा लावून चाळीसेक फोटो काढले आणि मनात म्हटलं, संध्याकाळपर्यंत असंच राहू दे.

सकाळी निघताना काकाजी ओसरीवर उभे राहून वर बघत होते. "वातावरण खराब हाय बाई," ते म्हणाले, "लांब नोको जाऊ." मी "हो" म्हटलं होतं. धानाच्या बांधीत लाखोरीचं पीक उपटून ढीग घातलेले होते. वरच्या वावरात हरभऱ्याचे घाटे भरले होते.

आभाळ संध्याकाळपर्यंत राहिलं. रात्री साडेनऊला कवेलूंवर पहिला टप्पा वाजला, मग दुसरा, मग मोजता येईना. बोराएवढ्या गारा. दहा मिनिटं, फार तर पंधरा. गारा थांबाव्यात म्हणून काकू दारात पाटा उलटा ठेवून आली. काकाजी खाटेवर बसून होते. कोणी बोललं नाही, बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.

सकाळी मी टेकडीकडे पाहिलं. सगळी एका रंगाची झाली होती, काड्यांच्या रंगाची.

काकाजी वावरात होते. हरभरा आडवा झालेला, घाटे फुटून दाणे मातीत. मी धुऱ्यावर उभी राहिले. कॅमेऱ्याची बॅग खांद्यालाच होती, सवयीनं. मधे एकदा त्यांनी मान वर केली, त्यांची नजर त्या बॅगेवर गेली.

"कालचे फोटू चांगले आले का वो?"

रात्री झोपण्याआधी मी ते पाहिले होते. तो जाळीच्या पानाचा फोटो मी आजवर काढलेल्यांत सगळ्यात चांगला आहे.

"काही खास नाही," मी म्हटलं.

"पुढल्या साली येजो मंग," ते म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले.