सातवा प्रश्न आणि दोरीवरच्या नोटा

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा मी पुण्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले होते आणि पुढच्या काही दिवसांत आमचे वसतिगृह रिकामे झाले. साताऱ्याला घरी परतल्यावर हाताला काम हवे म्हणून आम्ही चौघी मैत्रिणींनी गूगल फॉर्मवर विद्यार्थ्यांसाठी प्रश्नावली तयार केली: आजाराविषयी माहिती किती, दृष्टिकोन कसा आणि माहिती मिळते कुठून.

सातवा प्रश्न होता, ‘निरोगी व्यक्तीने मास्क वापरणे आवश्यक आहे का?’ उत्तरसूचीत आम्ही ‘नाही’ लिहिले होते, कारण जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तेव्हा तोच होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी शिवलेला मास्क वापरण्याची शिफारस केली, ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने तो सक्तीचा केला आणि संघटनेने आपली भूमिका बदलली ती थेट ५ जूनला. ‘हो’ म्हणून गुण गमावलेली मुले महिन्याभरात बरोबर ठरली. बराच वाद घालून आम्ही तो प्रश्नच वगळला, आणि ते चुकलेच, कारण उत्तर देणाऱ्याने कोणत्या तारखेला उत्तर दिले हे विचारात घ्यायला भाग पाडणारा तो एकच प्रश्न आमच्याकडे होता.

माहितीच्या स्रोतांच्या यादीत ‘सरकारी संकेतस्थळ’, ‘वर्तमानपत्र’ आणि ‘व्हॉट्सॲप’ असे वेगवेगळे पर्याय होते. मुंबई-पुण्यात अंक घरी येणे बंद झाले तेव्हा वर्तमानपत्राची पीडीएफ व्हॉट्सॲपवरच येत होती, केंद्र सरकारचा मदतकक्षही तिथेच सुरू झाला होता आणि कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा, जिने कुक्कुटपालन करणाऱ्यांचे कंबरडे मोडले, तीही त्याच वाटेने आली होती. वाटेलाच आम्ही उगम समजलो होतो.

यादीत नसलेला स्रोत मात्र मी स्वतः होते. आई दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायची आणि बाबा बाजारातून आणलेल्या नोटा गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घालायचे. एके दिवशी त्यांनी विचारले, “तू हेच शिकतेस ना? मग सांग, किती तास ठेवू?” विषाणू तांब्यावर चार तास, पुठ्ठ्यावर चोवीस तास आणि प्लास्टिकवर बहात्तर तासांपर्यंत टिकतो असे एका अभ्यासात मी वाचले होते, नोटांचा त्यात उल्लेखही नव्हता. नोट पुठ्ठ्याला जवळची समजून मी ठामपणे म्हणाले, “चोवीस.”

दूषित पृष्ठभागाला एकदा स्पर्श झाल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले. माझे चोवीस तास त्याच्या कितीतरी आधी आमच्या नातेवाइकांच्या गटावर पोहोचले होते, आणि कराडच्या मामांनी ते मलाच पाठवले: ‘नोटा २४ तास उन्हात ठेवा. पुण्यातील तज्ज्ञांचा सल्ला.’ मी खाली हात जोडल्याचे चित्र टाकले.