लार्ज फॉरमॅटवर इन्स्टंट फिल्म: खान्देशातल्या उन्हात काय घ्यावं, काय टाळावं

फोर बाय फाइव्ह, म्हणजे चार बाय पाच इंची शीटच्या लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यासाठी इन्स्टंट होल्डर (लगेच फोटो देणारी फिल्म धरणारा डबा) शोधायला बसलं की सगळ्यात आधी समोर येतो तो जुना पोलरॉइड ५४५. भक्कम, स्वस्त, स्प्रिंग बॅकखाली, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्प्रिंगवाल्या चौकटीखाली, साध्या होल्डरसारखा सरकणारा. तरीही घेऊ नका. त्यात एकेका पाकिटातली टाइप ५४, ५५, ५९ अशी फिल्म जायची आणि पोलरॉइडने २००८ मध्ये इन्स्टंट फिल्मचं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, तेव्हापासून तिचा पुरवठाच आटला. निगेटिव्ह देणारी टाइप ५५ पुन्हा करून बघण्याचा न्यू फिफ्टीफाइव्हचा प्रयत्नही २०१७ च्या अखेरीस बंद पडला.

पॅक फिल्मच्या (एका पॅकमध्ये अनेक शीट, एकेक ओढून काढायची) होल्डरांचीही हीच गत आहे. पोलरॉइड ४०५ आणि फुजीचा पीए-१४५ हे सव्वातीन बाय सव्वाचार इंची पॅकसाठी, तर पोलरॉइड ५५० आणि पीए-४५ हे पूर्ण फोर बाय फाइव्ह पॅकसाठी. फुजीने एफपी-३००० बी २०१३ मध्ये आणि एफपी-१०० सी २०१६ मध्ये बंद केली. मुदत उलटून गेलेले पॅक अजून विकायला दिसतात, पण पॉडमधली, म्हणजे शीटच्या कडेच्या रसायनाच्या पुडीतली, पेस्ट वाळलेली असली की फिल्म ओढल्यावर अर्धा कागद कोराच राहतो. पॅक आधी कुठे, किती उन्हात पडून होता हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्या भावात मला तो जुगार पटत नाही.

म्हणून आधी फिल्म ठरवा, मग कॅमेऱ्याची बॅक बघा, होल्डर सगळ्यात शेवटी.

आज सहज मिळणारी आणि परवडणारी फिल्म म्हणजे इन्स्टॅक्स वाइड. रंगीत किंवा मोनोक्रोम, आयएसओ ८००, पॅकमध्ये १० शीट, चित्राचा आकार ९९ × ६२ मिलिमीटर. हल्लीची पोलरॉइड फिल्म का नको, याची दोन कारणं आहेत. पोलरॉइडच्या शीटवर प्रकाश समोरच्या बाजूने पडतो आणि चित्रही त्याच बाजूने दिसतं. म्हणून त्यांच्या कॅमेऱ्यात आरसा असतो. आपल्या लार्ज फॉरमॅटच्या व्ह्यू कॅमेऱ्यात आरसा नाही, त्यामुळे चित्र उजवं-डावं उलटं येतं आणि दुकानाची पाटी वाचता येत नाही. इन्स्टॅक्सवर प्रकाश मागून पडतो आणि चित्र पुढून दिसतं, म्हणून ते सरळ येतं. दुसरं कारण तापमानाचं. पोलरॉइड फिल्मला १३ ते २८ अंश लागतात, इन्स्टॅक्सला ५ ते ४० चालतात. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला ४० च्या वर पारा जातो, तिथे इन्स्टॅक्सलाही सांभाळावंच लागतं. पोलरॉइडचा तर विचारच करू नये.

कॅमेऱ्याला ग्राफलॉक बॅक असेल, म्हणजे ग्राउंड ग्लासची (फोकस बघायच्या दुधी काचेची) चौकट पूर्ण काढता येत असेल आणि कडेला सरकत्या पट्ट्या असतील, तर २०२० मध्ये आलेली लोमोग्राफलॉक बॅक घ्या. ती सेलवर चालते आणि शीट मोटरने बाहेर काढते. तिच्यात फिल्म नेहमीच्या जागेपेक्षा मागे बसते. त्यामुळे फोकस करताना सोबत मिळणारी चौकट ग्राउंड ग्लासबरोबर लावायची आणि बॅक बसवताना ती काढून घ्यायची. चौकट न लावता फोकस केला तर सगळी चित्रं एकसारखी मऊ येतात आणि माणूस लेन्सला दोष देत बसतो. फिल्म मागे गेल्यामुळे बेलोज (लेन्स आणि फिल्ममधला घड्यांचा भाता) तेवढाच जास्त मिटावा लागतो. ६५ किंवा ७५ मिलिमीटरची लेन्स असेल तर तुमचा बेलोज तेवढा मिटतो का, हे बॅक विकत घेण्याआधी बघा. चित्राचा कर्ण सुमारे ११७ मिलिमीटर असल्याने इथे ‘नॉर्मल’ लेन्स म्हणजे १०५ ते १२० मिलिमीटर. एरवीची १५० किंचित टेलीसारखी वागते, पोर्ट्रेटला ती छान.

स्प्रिंग बॅकवाल्या जुन्या लाकडी कॅमेऱ्यावर ही बॅक बसत नाही. तिथे साधा फोर बाय फाइव्ह शीट होल्डर आणि चेंजिंग बॅग (आत हात घालून अंधारात फिल्म हाताळायची पिशवी) वापरा. इन्स्टॅक्सची शीट ८६ × १०८ मिलिमीटरची, त्यामुळे ती होल्डरच्या खाचांत अडकत नाही. वाया गेलेल्या फोर बाय फाइव्ह शीटवर ती कागदी टेपने चारही कोपऱ्यांना धरायची. टेप फक्त पांढऱ्या किनारीच्या हद्दीत राहू द्या. कार्ट्रिजच्या खिडकीतून जी बाजू बाहेर बघत असते, तीच बाजू होल्डरच्या डार्क स्लाइडकडे (सरकत्या झाकणाकडे) हवी. अंधारात रुंद किनारीशी पॉडचा फुगवटा बोटाला लागतो, त्यावरून दिशा कळते. त्या फुगवट्यावर अंगठा दाबला की पेस्ट तिथेच फुटते आणि चित्राची एक बाजू भरतच नाही. इन्स्टॅक्सची शीट साध्या शीट फिल्मपेक्षा जाड असते. तेवढा फरक अपर्चर एफ/१६ च्या पुढे बारीक केलं की झाकला जातो.

फोटो झाला की बॅगेतच टेप सोडवा, शीट रिकाम्या कार्ट्रिजमध्ये मूळ दिशेने परत घाला, कार्ट्रिज इन्स्टॅक्स वाइड कॅमेऱ्यात बसवा आणि झाकण लावा. नवीन पॅक भरल्यासारखं झाल्यामुळे पहिल्या क्लिकला कॅमेरा वरचं काळं कव्हर समजून तुमची शीट रोलरमधून बाहेर काढतो. खबरदारी म्हणून त्याच्या लेन्सवर काळी टेप लावून ठेवा. जुन्या हाफ प्लेट कॅमेऱ्याच्या, काचेच्या प्लेटसाठी असलेल्या होल्डरमध्येही ही युक्ती चालते. फक्त शीटखाली काचेच्या जाडीचा पुठ्ठा द्यायचा, नाहीतर फिल्म मागे राहते.

आता ऊन. आयएसओ ८०० ला भर उन्हात हिशेब होतो एफ/१६ ला १/८०० सेकंद. लार्ज फॉरमॅटच्या शटरमध्ये हा वेग नसतो. कोपल ० या शटरची धाव १/५०० पर्यंत, कोपल १ ची १/४००, कोपल ३ ची तर १/१२५ पर्यंतच. म्हणजे कोपल १ वर एफ/२२ ला १/४००, कोपल ३ वर थेट एफ/४५. मला यापेक्षा तीन स्टॉपचा, म्हणजे उजेड तीनदा निम्मा करणारा, एनडी फिल्टर बरा वाटतो. तो लावला की एफ/१६ ला १/१०० च्या आसपास काम होतं आणि लाकडाची घडणही नीट दिसते. शटर नसलेल्या जुन्या स्टुडिओ लेन्सवर दहा स्टॉपचा एनडी लावला तर भर उन्हात एफ/१६ ला सव्वा सेकंद मिळतो. लेन्सची टोपी काढून परत लावायला तेवढा पुरतो. जवळचा फोटो असेल तर बेलोजचा हिशेब विसरू नका: १५० च्या लेन्सला बेलोज ३०० पर्यंत ताणला तर दोन स्टॉप वाढवावे लागतात.

ऊन-सावलीतला फरक झेलायची इन्स्टॅक्सची सहनशक्ती कमी, जेमतेम पाच स्टॉप. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत हे लगेच कळतं. पानांवरचं ऊन लखलखीत आणि बुंध्याशी काळोख, दोन्ही एका शीटवर मावत नाहीत. उजेडासाठी एक्स्पोज करायचं. स्पॉट मीटरने माणसाचा पांढरा सदरा मोजा आणि तो मधल्या करड्यापेक्षा दीड-दोन स्टॉपच्या वर जाऊ देऊ नका. करपलेल्या पांढऱ्यात काहीच उरत नाही, गडद सावलीत मात्र आकार तरी राहतो. माणूस निंबाच्या सलग सावलीत उभा करून शेजारून पांढरं धोतर धरलं तर अर्धं काम होतं.

उन्हाळ्यात फिल्म कुरिअरने मागवू नका. गोदामात आणि गाडीत ती किती तापते हे आपल्या हातात नसतं. वर्षाचा साठा फेब्रुवारीपर्यंत घरी आणून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हवाबंद डब्यात ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवली तर पॉड खराब होतात. वापरायच्या आधी डबा न उघडता दोन तास बाहेर ठेवा, नाहीतर शीटवर दव धरतं. बाहेर जाताना फिल्म थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाची पिशवी वेगळ्या कापडात गुंडाळून. शीट बाहेर आली की सावलीत उलटी ठेवा आणि हलवू नका. तोरणमाळला डिसेंबरच्या पहाटे नेमकं उलट करायचं: शीट शर्टाच्या आतल्या खिशात, कारण १० अंशांखाली रंग फिके येतात.

आणि रोलर. चित्रावर ठरावीक अंतराने तोच ठिपका दिसायला लागला की रोलरवर पेस्ट किंवा कापसाची धूळ चिकटलेली असते. ओलसर मऊ कापडाने पुसा, वाळू द्या, मगच पुढची शीट.