तपासणीची भीती

तलावपाळीवर पहाटे माझ्यासोबत फिरणारे शेजारचे काका सगळी पुंजी मुदत ठेवीत ठेवतात, घराचे कुलूप दोनदा ओढून पाहतात. पण रक्तातील साखर तपासणे मात्र ‘उगाच काहीतरी निघायचं’ म्हणून टाळतात. जोखीम टाळणारा माणूस तपासणीला सर्वांत आधी जाईल, हा माझा समज त्यांनी खोटा ठरवला. हाती असलेले गमावण्याचे दुःख तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा अधिक बोचते, असे मानसशास्त्रज्ञ काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. काकांच्या हाती ‘मला काही नाही’ हा दिलासा आहे. (मीही रक्तदाबाचे यंत्र सहा महिने कपाटातच ठेवले होते.) परवा ते उपाशीपोटी लॅबच्या जिन्यापर्यंत आले, शेजारच्या टपरीवर चहा प्यायले आणि ‘आता उपास मोडला’ म्हणत घरी परतले.