मौनाचा दुसरा दिवस

नाशिक, १७ डिसेंबर

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत ओरडून ओरडून माझा घसा बसला आहे, आणि परवा डॉक्टरांनी स्वरतंतू सुजल्याचे सांगून तीन दिवस कुजबुजण्यासही मनाई केली. त्यामुळे सातपूरच्या कारखान्यात रजा टाकून मी मुलीच्या जुन्या पाटीवर लिहून बोलतो आहे. बायकोही, तिला काहीही झालेले नसताना, त्याच पाटीवर उत्तरे लिहिते!

आज कपाटातून नट डॉ. श्रीराम लागूंचे ‘लमाण’ हे आत्मचरित्र काढले. २०१९ साली ते गेले तो हाच दिवस, हे नंतर लक्षात आले. तेही कान-नाक-घशाचेच डॉक्टर. १९२७ साली साताऱ्यात जन्मलेला आणि पुण्यात वैद्यक शिकलेला हा माणूस आफ्रिकेतील डॉक्टरकी सोडून परत येतो आणि १९६९ साली, ऐन बेचाळिशीच्या सुमारास, पूर्णवेळ नट होतो. मीही बेचाळीसचाच आहे. पण माझी धाव प्राथमिक फेरीपर्यंतच.

लमाण म्हणजे इकडचा माल तिकडे पोहोचवणारा. तो माल कुठे भरला गेला, हे पाहू लागलो तेव्हा मात्र नाशिककर म्हणून माझी छाती फुगली. ‘वेड्याचं घर उन्हात’, ज्या नाटकाने ते व्यवसायात उतरले ते ‘इथे ओशाळला मृत्यू’ आणि पुढचे ‘हिमालयाची सावली’ ही तिन्ही नाटके आमच्या नाशिकच्या एचपीटी महाविद्यालयात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांची, आणि ‘नटसम्राट’ तर तात्यासाहेब शिरवाडकरांचे. २३ डिसेंबर १९७० रोजी पहिला प्रयोग झाला तेव्हा थकलेले, निवृत्त गणपतराव बेलवलकर उभे करणारा नट जेमतेम त्रेचाळीस वर्षांचा होता. चित्रफितीत मी आज संवादांपेक्षा त्यांचा श्वासच ऐकत राहिलो. वाक्य कितीही लांबले तरी शेवटचा शब्द गिळला जात नाही. माझा नेमका तोच जातो, आणि मी तो ओरडून भरून काढू पाहतो.

पडद्यावर मला ‘पिंजरा’ आणि ‘सामना’ यांतले त्यांचे दोन मास्तर प्रिय आहेत. हिंदी सिनेमाने त्यांना बहुतेक बाप आणि वडीलधारेच करायला लावले, याचा राग मात्र जात नाही.

संध्याकाळी दिग्दर्शकाचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला. “परवा तालमीला येणार ना?” असे त्यांनी विचारताच मी पाटीवर पेन्सिलीने एकदा टकटक केले.